सत्तीची वाट पाहू नकोस

चि. मुक्ता,

होस्टेलवर शनिवारी ड्रॉ पोकरचा डाव बसतो, शिकवा म्हणतेस. आईला न विचारता मामाला विचारलंस, हे शहाणपणाचं. मी हा खेळ बोटीवर शिकलो आणि पहिल्या सफरीचा निम्मा पगार फी म्हणून भरला.

डाव सोपा आहे. सगळ्यांनी बूट टाकायचा. प्रत्येकी पाच पत्ते, पालथे. बोलीची एक फेरी. मग नको असतील ते पत्ते टाकून तेवढेच नवे घ्यायचे, एकदाच. पुन्हा बोली, मग शो. दिवाळीतली तीन पत्ती तुला येते, पण तिथला क्रम इथे चालत नाही. तिथे रन कलरला मारतो, इथे कलर रनला. चढत्या क्रमाने : जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, रन, कलर, फुल हाउस म्हणजे तीन सारखे नि एक जोडी, चार सारखे, आणि सर्वांत वर एकाच रंगाचा रन.

५२ पत्त्यांतून पाचांचे २५,९८,९६० हात होतात. त्यातल्या निम्म्याहून किंचित जास्त हातांत साधी जोडीसुद्धा नसते. तेव्हा रिकामा हात आला की नशिबाला बोल लावू नकोस, पॅक कर.

आता बदलण्याचं. चार बदाम हातात आहेत, पाचवा हवा. न पाहिलेल्या ४७ पत्त्यांत बदाम नऊ, म्हणजे पाचांत जेमतेम एकदा. पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी घेऊन सत्तीची वाट पाहशील, तर सत्त्या चारच; बारांत एकदा. माझा पगार त्या सत्तीपायी गेला. जोडी ठेवून तीन पत्ते बदललेस तर सातांत दोनदा हात सुधारतो.

या खेळात कुणाचा एकही पत्ता उघडा नसतो. दिसतं ते इतकंच, की कोणी किती बदलले. तीन घेणाऱ्याकडे बहुधा जोडी. एक घेणाऱ्याकडे दोन जोड्या, नाहीतर तो माझ्यासारखा सत्तीमागे. एकही न घेणारा एकतर भरला आहे, नाहीतर थाप मारतो आहे. चेहरे वाचू नकोस, हे आकडे लक्षात ठेव. म्हणूनच जो शेवटी बोलतो तो फायद्यात. सर्वांआधी बोलायची पाळी आली तर हात चांगलाच हवा.

तुझ्या लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिनात १९३६ पासून याच खेळाचे क्लब चालले, कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्टड-हॉर्स पोकरला नावानिशी बंदी होती, ड्रॉला नव्हती. क्लब स्वतः खेळत नसे. खुर्चीचं भाडं अर्ध्या-अर्ध्या तासाने घेई. कुणीही जिंको, क्लबचं भाडं पक्कं. तुमच्याकडे बूट म्हणजे तेच भाडं. राजाराण्यांचीच वाट बघत बसलीस तरी ते जातं. पण एकदा मध्ये टाकलेलं तुझं राहत नाही. ते सोडवायला आणखी टाकू नकोस.

महिनाभर पैसे लावू नका. आपण चिंचोक्यांवर खेळायचो. तिथे राजमा मिळेल. रोज उठताना दाणे मोजून वहीत लिही आणि महिनाअखेर ती मला दाखव. हरलीस, तर उसळ जिंकणाऱ्यांच्या घरी.

तुझा,
मामा