भ्रूणाच्या मूलपेशींवरील संशोधनाला सगळ्याच धर्मांचा विरोध आहे का?

वाद आहे तो मूलपेशी मिळवण्याच्या पद्धतीवर. फलनानंतर पाच दिवसांनी भ्रूण म्हणजे शंभर-दीडशे पेशींचा पोकळ गोळा असतो. मूलपेशींसाठी त्याच्या आतला पेशींचा पुंजका काढला की भ्रूण नष्ट होतो. मानवी भ्रूणातून अशा पेशी जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये प्रथम वेगळ्या करून वाढवल्या. फलनापासूनच भ्रूणाला माणसाचा मान हवा, असे कॅथलिक चर्च मानते; म्हणून वंध्यत्वाच्या उपचारांतून उरलेले भ्रूण वापरण्यासही त्याचा नकार आहे. ज्यू परंपरेत पहिल्या चाळीस दिवसांच्या गर्भाला तो दर्जा नाही. अनेक इस्लामी धर्मशास्त्र्यांच्या मते आत्मा १२० दिवसांनी येतो. तेव्हा सर्व धर्मांना एकाच पारड्यात टाकणे अन्यायाचेच. प्रौढांच्या अस्थिमज्जेतील पेशींना तर चर्चचाही आक्षेप नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या साध्या पेशींना मूलपेशींचे गुण दिले. भ्रूण न मोडता संशोधनाची वाट त्यातून खुली झाली.