तुझी स्केल, माझी फजिती

अगं, लंडनच्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं तुझं इंग्रजी निवेदन काल रात्री वाचलं. छान जमलंय. पण तीन-चार शब्दांपाशी माझी पेन्सिल थबकली. रागावू नकोस, यातल्याच एका शब्दाने माझी पुरती फजिती केलेली आहे, म्हणून सांगते.

'माय स्केल इज जी शार्प' असं लिहिलंयस. आपण सगळ्याच बोलतो तसं, 'तुझी स्केल काय गं?' 'काळी चार.' मीही एकदा तालमीत एका पियानोवाल्याला हेच सांगितलं. त्याने मान डोलावली आणि वाजवायला घेतलं. मी भीमपलास सुरू केला. माझा कोमल गंधार लागतो न लागतो तोच त्याचा शुद्ध गंधार शेजारी येऊन बसला. अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा नव्हे! आणि चूक त्याची नव्हतीच. इंग्रजीत स्केल म्हणजे सुरांची अख्खी शिडी, आपल्या थाटाच्या जवळ जाणारी. नुसतं 'जी शार्प स्केल' म्हटल्यावर तो मेजर, म्हणजे आपला बिलावल, धरणारच. मला बापडीला फक्त षड्ज सांगायचा होता.

गंमत म्हणजे आपला जुना शब्दच बरा होता. पट्टी! पेटीवर बोटाखाली येते तीही पट्टी आणि गाणं लागतं तीही पट्टी. इंग्रजी 'की'लासुद्धा हे दोन्ही अर्थ आहेत. तरी 'की' म्हटलं की पाठोपाठ मेजर की मायनर हा प्रश्न येतो. म्हणून तू सरळ 'माय सा इज जी शार्प' लिही आणि रागाचे सूर वेगळे सांग.

आता पिच. बंदिशीचा शेवट रंगतो तिथे 'द पिच इन्क्रीझेस' लिहिलंयस. तुला म्हणायचंय आवाज मोठा होतो, हो ना? मग तंबोरा घे पुढ्यात. खुंटी पिळलीस की तार ताणली जाते आणि सूर चढतो, ते पिच. तुझ्या काळी चारच्या षड्जाची कंपनं सेकंदाला साधारण 208, तार षड्जाची त्याच्या दुप्पट. आता खुंटीला हात न लावता तीच तार जरा जोरात छेड. सूर तोच, आवाज मोठा. ही लाउडनेस. मराठीत 'वर गा' आणि 'मोठ्याने गा' यांत आपला कधी गोंधळ होत नाही, इंग्रजीतच का व्हावा?

आणि घोडीवर तारेखाली सरकवतो तो दोरा आठव. तो जागेवर नसला की तार कशी मुकी वाटते. कणभर पुढे-मागे केला की एकदम जवारी उघडते आणि तारेतून झंकार उठतो. खुंटी तिथेच, बोटाचा जोर तोच, तरी आवाजाची जात बदलली. या जातीला म्हणायचं 'टँबर'. एकाच सुरात वाजणारी सारंगी आणि बासरी डोळे मिटून ओळखू येतात, त्या याच्याच जोरावर. उच्चार मात्र जपून कर. स्पेलिंग पाहून 'टिंबर' म्हणालीस तर भवानी पेठेतली लाकडाची वखार!

तू इथे 'टोन' लिहिलंयस. चुकीचं नाही, पण हा शब्द फार ठिकाणी लुडबुडतो. आवाजाचा पोतही टोन, सा ते रे एवढं अंतरही टोन, आणि अमेरिकेत तर नुसत्या सुरालाही टोन म्हणतात. त्यापेक्षा टँबर बरा. द्रुत लयीला 'फास्ट रिदम' नको, 'फास्ट टेम्पो' म्हण. तालाला 'ताल'च राहू दे.

आणि तालमीत तिथला कुणी 'यू आर अ बिट फ्लॅट' म्हणाला तर घाबरून कोमल स्वर लावायला जाऊ नकोस. 'बी फ्लॅट' हे सुराचं नाव झालं. तो म्हणतोय, तुझा सूर किंचित उतरलाय.

दुरुस्त करून निवेदन रात्री परत पाठव. आणि पर्समध्ये सुती दोऱ्याची गुंडी टाक. तिकडे ऐन वेळी कुठे शोधत फिरशील?