पत्नीच्या नावावर कंपनी केली, की फेडरल कंत्राट मिळतं का?

प्रश्न : न्यू जर्सीत एडिसनला आमची ऑफिसांची साफसफाई करणारी छोटी कंपनी आहे. चौदा माणसं कामाला आहेत. आम्ही दोघंही अमेरिकी नागरिक. आता फेडरल सरकारची कामं घ्यावीत असं मनात आहे. एक एजंट सरकारी नोंदणी करून ‘कंत्राट मिळवून देण्याचे’ 1,800 डॉलर मागतो. 51 टक्के मालकी पत्नीच्या नावावर केली तर महिलांच्या राखीव कोट्यात नंबर लागेल आणि भारतीय म्हणून वंचित गटांतल्या मालकांच्या लहान कंपन्यांसाठीच्या ‘एट-ए’ या फेडरल कार्यक्रमातही सहज शिरता येईल, असं त्याचं म्हणणं. यात तथ्य किती? पत्नी एका औषध कंपनीत पूर्णवेळ नोकरी करते.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : ते 1,800 डॉलर आधी खिशात परत ठेवा. सरकारी कामासाठी ‘सॅम डॉट गव्ह’वर जी नोंदणी लागते ती फुकट आहे. 2022च्या एप्रिलपासून कंपनीच्या ओळखीचा जुना डन्स क्रमांक गेला. आता सॅमच तुम्हाला यूईआय हा 12 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक देतं. कंपनीचं नाव आयआरएसच्या (कर खात्याच्या) कागदांवर आहे तसंच भरा. नाव-पत्ता जुळला नाही की अर्ज अडकून पडतो. नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते. नोंदणी झाल्यावर ‘तुमची मुदत संपतेय, इतके डॉलर भरा’ अशा सरकारी थाटाच्या ईमेल येतील, त्यांनाही दाद देऊ नका. माणसाची मदत हवीच असेल तर एपेक्स ॲक्सेलरेटर नावाची सरकारी पैशांवर चालणारी केंद्रं आहेत, पूर्वी त्यांना पीटॅक म्हणत. तुमच्याजवळचं केंद्र नेवार्कच्या एनजेआयटीत आहे. तिथला सल्ला फुकट आणि एजंटपेक्षा पुष्कळ बरा.

आता पत्नीच्या नावाचं. आपल्याकडे महिला सरपंच निवडून येते आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीत ‘सरपंचपती’ बसतात, तो प्रकार इथे खपत नाही. 51 टक्के शेअर ही निम्मीच अट. कंपनीचं सर्वोच्च पद तिच्याकडे हवं, रोजचा कारभार आणि दूर पल्ल्याचे निर्णयही तिचेच हवेत. माणसं कोण नेमतं, भाव कोण ठरवतं, बँकेत सही कुणाची, हे कागदांवरून तपासलं जातं. दिवसभर औषध कंपनीत असणारी आणि रात्री हिशेब बघणारी बाई या व्याख्येत बसणं कठीण. खोटं प्रमाणपत्र घेऊन कंत्राट मिळवलंत, तर सरकारच्या नुकसानीच्या तिप्पट वसुली होऊ शकते आणि पुढची कामं बंद. पत्नीला नोकरी सोडून धंदा खरोखर हातात घ्यायचा असेल तर जरूर अर्ज करा. एरवी नाही.

एट-एबद्दल एजंट जुनी माहिती विकतो आहे. भारतीय उपखंडातल्या मंडळींना सामाजिकदृष्ट्या वंचित मानण्याचं जे गृहीतक होतं, ते टेनेसीच्या फेडरल न्यायालयाने जुलै 2023मध्ये थांबवलं. शिवाय जून 2025मध्ये एसबीएने, म्हणजे लहान उद्योगांच्या फेडरल संस्थेने, एट-ए कार्यक्रमाचं सरसकट ऑडिट जाहीर केलं. माझं मत विचाराल तर सध्या त्या वाटेला जाऊ नका.

गंमत अशी, की तुम्हाला या दोन्हींची गरजच नाही. साफसफाईच्या धंद्यात (उद्योगाचा नेक्स कोड 561720) सरासरी वार्षिक उलाढाल 2 कोटी 20 लाख डॉलरपर्यंत असली तरी कंपनी ‘लहान’च धरली जाते. ऑक्टोबर 2025पासून साधारणपणे 15 हजार ते साडेतीन लाख डॉलरपर्यंतची कामं लहान कंपन्यांसाठी राखीव ठेवायची असतात. अट एकच : रास्त भावात काम करू शकतील अशा किमान दोन लहान कंपन्या पुढे येतील, असं खरेदी अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे.

त्याला तसं वाटावं यासाठीच ‘सोर्सेस सॉट’ नावाच्या सूचना निघतात आणि नवखे लोक नेमक्या त्याच सोडून देतात. ‘यात तर कंत्राटच नाही’ म्हणून. अधिकारी विचारत असतो, हे काम करणारं कुणी आहे का? लहान कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही, तर काम सर्वांसाठी खुलं होतं आणि तुमची गाठ बड्या कंपन्यांशी पडते. म्हणून दोन पानी उत्तर पाठवाच. यूईआय, कोड, किती चौरस फूट जागा रोज साफ करता, रात्रपाळीला किती माणसं, कोणते ग्राहक तुमची खात्री देतील, एवढं पुरे. खासगी ऑफिसांचा अनुभवही चालतो. पिकॅटिनी आर्सेनल, ईस्ट ऑरेंजचं माजी सैनिकांचं रुग्णालय ही ठिकाणं तुमच्या टप्प्यातली आहेत, त्यांच्या सूचनांवर नजर ठेवा.

भाव भरताना मात्र सांभाळा. 1965च्या सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट कायद्यामुळे सफाई कामगाराला किमान किती मजुरी द्यायची, ते जिल्ह्यागणिक ठरलेलं असतं. त्यावर तासामागे आरोग्य आणि इतर लाभांची रक्कम वेगळी. हा तक्ता निविदेला जोडलेला असतो. तो न वाचता खासगी दराने भाव भरला, तर काम मिळेल आणि महिन्याला खिशातून पैसे जातील. आधीच्या कंत्राटदाराला किती रक्कम मिळत होती, ते यूएसएस्पेंडिंग संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. ते आधी बघा. बिल बिनचूक असेल तर पैसे साधारण 30 दिवसांत येतात, उशीर झाला तर सरकार व्याजही देतं. पण तुमची माणसं दोन आठवड्यांनी पगार मागणार, तेव्हा दोन महिन्यांचे पगार हाताशी ठेवूनच उतरा.

पहिलं काम एखाद्या मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली घेतलं तरी कमीपणा नाही. सरकारचं आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपतं आणि उरलेला पैसा खर्च करण्याची घाई त्याआधीच्या दोन महिन्यांत असते. म्हणून सॅमची नोंदणी मे-जूनपर्यंत उरकून ठेवा.