चाल हैदराबादची, वरात सोयगावची

प्रश्न : आमच्याकडे लग्नाच्या वरातीत बँजोवाला आला की ‘पुष्पा’ची गाणी ठरलेली. तेलुगूचं एक अक्षर कुणाला कळत नाही, तरी सगळे नाचतात. ही गाणी बनतात कशी आणि हिंदीत येतात कशी?
– एक वाचक, सोयगाव

उत्तर : सुरुवात होते ती दिग्दर्शकाने सांगितलेल्या प्रसंगापासून. इथे नायक नायिकेवर भाळतो, इथे दोघे दोस्त गोऱ्या साहेबाची जिरवतात, एवढं ऐकून संगीतकार चाल बांधायला बसतो. शब्द अजून हातात नसतात. ‘लाला लाला’ किंवा काहीतरी निरर्थक डमी शब्द घालून चाल मुद्रित करतात आणि ती गीतकाराकडे जाते. आधी चाल आणि मग शब्द, ही रीत हिंदी-मराठीतही सर्रास आहे. मात्र हे काम किती चिवट असतं, ते ‘आरआरआर’मधल्या ‘नाटू नाटू’वरून कळेल. संगीतकार एम. एम. कीरवाणी, गीतकार चंद्रबोस. या गाण्याचा नव्वद टक्के भाग अर्ध्या दिवसात लिहून झाला आणि उरलेल्या दहा टक्क्यांना तब्बल १९ महिने लागले, असं चंद्रबोस यांनीच मुलाखतींत सांगितलंय. याच गाण्याला जानेवारी २०२३ मध्ये गोल्डन ग्लोब आणि मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं.

आता ‘पुष्पा’. संगीत देवी श्री प्रसाद यांचं, तेलुगू शब्द पुन्हा चंद्रबोस यांचे. चित्रपट १७ डिसेंबर २०२१ ला लागला, पण पहिलं गाणं ऑगस्टमध्येच पाच भाषांत बाहेर आलं होतं. म्हणजे तेलुगू गाणं गाजलं आणि मागाहून त्याची हिंदी आवृत्ती निघाली, असं घडलेलं नाही. सुरुवातीपासूनच पाच भाषांचा बेत होता. प्रत्येक भाषेला तिचा गीतकार आणि बरेचदा तिचा गायकही. ‘श्रीवल्ली’ तेलुगूत सिद श्रीरामने गायलं, हिंदीत जावेद अलीने. हिंदी शब्द रकीब आलम यांचे.

या हिंदी गीतकाराला भाषांतरकार समजू नका. त्याच्या हाती येते ती शिजवून ठेवलेली चाल, आणि बरेचदा चित्रीकरण झालेलं गाणंही. नायकाचा चेहरा जवळून दिसत असेल तर ओठ मिटतात तिथे प, ब, म यांपैकी एखादं अक्षर आलं, तर बघणाऱ्याला खटकत नाही. त्यात आणखी एक पेच असतो. तेलुगू शब्द बहुतेक स्वरावर संपतात. त्यामुळे ओळीचं शेवटचं अक्षर गायकाला हवं तितकं लांबवता येतं. हिंदीत ‘प्यार’, ‘रात’, ‘आज’ असे शब्द व्यंजनावर येऊन थांबतात. ‘र’ किंवा ‘त’ किती ताणणार? मग अशा लांब सुरावर आ किंवा ई येईल, असा शब्द शोधून ओळ फिरवून घ्यावी लागते. अर्थ थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो, सूर हलता कामा नये.

पडद्यावर हिंदी बोलणारा पुष्पाराज तर आपल्याच घरचा. अल्लू अर्जुनला हिंदी आवाज दिलाय श्रेयस तळपदेने. त्याआधी ‘बाहुबली’मध्ये प्रभासचा हिंदी आवाज होता शरद केळकर यांचा.

प्रश्न : बाकी भाषांचीही गाणी येतात. पण तेलुगूच आपल्याकडे एवढी का चालतात? निझामाच्या काळाचा काही संबंध असेल का?
– एक वाचक, फर्दापूर

उत्तर : संबंध आहे, पण तुम्ही समजता त्या ठिकाणी नाही. १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात मराठवाडा आणि तेलंगण एकत्र नांदले. पुढे आपण मुंबई राज्यात आलो आणि तेलंगण आंध्रात गेलं. सिनेमाच्या धंद्याने मात्र जुना नकाशा सोडला नाही. हिंदी चित्रपटांच्या वितरणात मराठवाडा आजही ‘निझाम’ विभागात धरतात आणि अजिंठ्याचा घाट उतरून जळगावकडे गेलात की ‘सीपी बेरार’ विभाग लागतो. तेलुगू सिनेमावालेही तेलंगणच्या कमाईला ‘निझाम’चीच कमाई म्हणतात. हा झाला व्यापाराचा वारसा. नांदेड, देगलूर, धर्माबादकडे तेलुगू कानावर असते, तशी ती सोयगावात कधी नव्हती. त्यामुळे तुमच्या वरातीचं श्रेय निझामाला देता येणार नाही.

ते द्यायचं तर टीव्हीला आणि मोबाइलला. हिंदीत डब केलेले दक्षिणेकडचे सिनेमे घरोघरच्या टीव्हीवर आणि यूट्यूबवर वर्षानुवर्षं दिवसरात्र चालत आले. ‘पुष्पा’ येईपर्यंत अल्लू अर्जुन खेड्यापाड्यातल्या पोरांच्या चांगलाच ओळखीचा झाला होता. दुसरं कारण ठेक्याचं. ‘नाटू नाटू’ सहाच्या ठेक्यात आहे. आपल्या दादरा-खेमट्याची चाल तीच, कोळीगीतं याच अंगाने नाचतात. पाय तो ठेका आधीपासून ओळखतात. आणि चाल आवडली की आपले लोक शब्दांसाठी थांबत नाहीत, स्वतःचे घालतात. अमरावती जिल्ह्यातल्या एका जोडप्याने ‘श्रीवल्ली’च्या चालीवर मराठी शब्द बांधून व्हिडिओ केला आणि तो राज्यभर फिरला.

प्रश्न : एखाद्या मराठी संगीतकाराने तेलुगू सिनेमाला संगीत दिलं आहे का? ते चाललं का?
– एक वाचक, बनोटी

उत्तर : दिलं आहे. दोन नावं सांगतो.

पहिलं सी. रामचंद्र, अर्थात आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्यांचा ‘अनारकली’ १९५३ चा. दोनच वर्षांनी तेलुगूत ‘अनारकली’ आला, तेव्हा पी. आदिनारायण राव यांच्या संगीतात रामचंद्रांची एक गाजलेली हिंदी चाल तेलुगू शब्द घेऊन अवतरली. पुढे एन. टी. रामाराव यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हीच कथा ‘अकबर सलीम अनारकली’ म्हणून पडद्यावर आणली. स्वतः अकबर झाले, मुलगा बालकृष्ण याला सलीम केलं आणि संगीताला थेट सी. रामचंद्रांनाच बोलावलं. गायला मोहम्मद रफी आणि पी. सुशीला. शब्द कवी सी. नारायण रेड्डी यांचे. रामचंद्रांना दक्षिण नवखी नव्हती. संगीतकार म्हणून त्यांची सुरुवातच तमिळ चित्रपटांनी झाली होती. रफी-सुशीला यांची त्या चित्रपटातली गाणी तेलुगू रसिक अजून आवडीने ऐकतात.

दुसरं नाव अजय-अतुल या गोगावले बंधूंचं. राम गोपाल वर्मांच्या गोटातल्या ‘गायब’ (२००४) या हिंदी चित्रपटाला त्यांचं संगीत होतं. वर्मांनी तेलुगूत ‘शॉक’ काढला, दिग्दर्शक नवे हरीश शंकर, नायक रवी तेजा, नायिका ज्योतिका. त्याचं संगीतही गोगावले बंधूंनीच केलं. फेब्रुवारी २००६ मध्ये चित्रपट आला आणि पडला. हरीश शंकर यांचा पुढचा चित्रपट यायला २०११ उजाडलं. गाणी महाराष्ट्रात पोचलीच नाहीत. बऱ्याच मराठी चाहत्यांना या जोडीने तेलुगू काम केल्याचंही ठाऊक नसतं.

आता त्याच वर्षीची दुसरी गोष्ट पाहा. २००६ मध्येच अजय-अतुल यांच्या संगीताची ‘जत्रा’ आली. तिच्यातली ‘कोंबडी पळाली’ची चाल मराठीत गाजली आणि २०१२ मध्ये ‘अग्निपथ’मधून ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर वाजली. मधल्या काळात ‘जोगवा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माणसं तीच, वर्षही तेच. एका चालीला चालणारा चित्रपट मिळाला आणि दुसऱ्या चाली पडलेल्या चित्रपटाबरोबर मागे राहिल्या.

तेव्हा माझं मत असं : भाषा येत नाही म्हणून संगीतकार अडत नाही. सी. रामचंद्रांना नारायण रेड्डींसारखा कवी मिळाला, रफी-सुशीलांचे गळे मिळाले, म्हणून तेलुगू गाणी टिकली. अडतं ते गाणं वाहून नेणारा सिनेमा मिळाला नाही की. आणि आपल्याकडे वाजणाऱ्या गाण्याचं सगळं श्रेय नायकाच्या खात्यात जमा होतं, हे काही बरं नाही. पुढच्या वेळी मोबाइलवर ‘श्रीवल्ली’ लावाल तेव्हा खाली लिहिलेली गीतकार-गायकांची नावंही वाचा, आणि ‘शॉक’ची गाणी एकदा शोधून ऐका. कशी वाटली ते दोन ओळींत जरूर कळवा.