पराभवाचा हिशेब



दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या संस्थेतर्फे गुणवंतांचा सत्कार होतो. पुष्पगुच्छ, वह्या, प्रशस्तिपत्र, आईवडिलांच्या डोळ्यांतील आनंद, सारे पाहून मन भरून येते. परंतु त्याच वस्तीत, त्याच दिवशी, एखादा नापास झालेला मुलगा दार लावून बसलेला असतो. तो विहाराकडे फिरकत नाही. त्याची आई हळदीकुंकवालाच काय, नळावरही उशिरा जाते. आम्ही त्या मुलासाठी हा लेख लिहीत आहोत. ज्यांना यश मिळाले त्यांनीही तो वाचावा, कारण पराभव कोणालाच चुकलेला नाही.

परमपूज्य बाबासाहेबांचे विजय आपल्याला पाठ आहेत. परदेशातील पदव्या, चवदार तळे, संविधान, धम्मदीक्षा. मात्र त्यांचे पराभव आपण एक तर सांगत नाही, किंवा "शत्रूंनी कावा केला" एवढ्या एका वाक्यात उरकतो. कावा नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर त्यातून शिकायचे राहून जाते.

1946 : पक्ष हरला, महाविद्यालय उघडले

1942 साली नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. 1946 च्या प्रांतिक निवडणुकीत या पक्षाचा दारुण पराभव झाला. याचे एक मोठे कारण निवडणुकीच्या पद्धतीतच होते. 1932 च्या पुणे करारानुसार राखीव जागेवर चारपेक्षा अधिक उमेदवार असल्यास प्राथमिक निवडणूक होई व तीत फक्त अस्पृश्य मतदार मत देत. अंतिम निवडणुकीत मात्र सर्वच मतदारांची मते मोजली जात. त्यामुळे समाजाचा विश्वास मिळवूनही उमेदवार पडू शकत असे.

बाबासाहेबांनी हे कारण केवळ भाषणात सांगितले नाही. 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहून त्यांनी त्यावरचा उपाय संविधान सभेपुढे मांडला. दरम्यान, निवडणुकीचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच, 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. पक्ष हरला म्हणून पोरांचे शिक्षण थांबले नाही.

संविधान सभेत ते जुलै 1946 मध्ये बंगालमधून निवडून गेले. फाळणीमुळे ती जागा गेली. जुलै 1947 मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले आणि ऑगस्टअखेर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. एक जागा गेली म्हणून ते घरी बसले असते तर?

1951 ते 1954 : पाठोपाठ तीन आघात

हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून जिवाचे रान केले. ते बिल मागे पडले आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. 1955 व 1956 साली विवाह, वारसा, पालकत्व, दत्तक व पोटगी यांविषयीचे चार वेगळे कायदे संसदेने केले. त्यांचा पाया बाबासाहेबांनी घातलेला होता, पण ते झाले तेव्हा ते त्या पदावर नव्हते.

राजीनाम्यानंतर चारच महिन्यांत, जानेवारी 1952 मध्ये, लोकसभेची पहिली निवडणूक आली. मुंबई शहर उत्तर मतदारसंघात काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. ज्यांनी देशाला मताचा अधिकार लिहून दिला, त्यांनाच त्या मतपेटीने नाकारले! बाबासाहेबांनी निकालाविरुद्ध रीतसर निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. दरम्यान ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि तेथे बोलत राहिले.

मे 1954 मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. तीतही पराभव झाला. प्रकृती खालावलेली, वय साठीच्या पुढे. लोकसभेत ते शेवटपर्यंत पोहोचले नाहीत. हे सत्य आपण मुलांना सांगितले पाहिजे. प्रत्येक पराभवाचे पुढे विजयात रूपांतर होतेच असे नाही.

पण त्याच वर्षी, 25 डिसेंबर 1954 रोजी, देहूरोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. 1955 साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंनी धम्माची दीक्षा घेतली. भंडाऱ्याच्या पराभवानंतर अडीच वर्षेही झाली नव्हती.

पुन्हा तेच दार, की नवी वाट?

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. 20 मार्च 1927 ला महाडचे पाणी प्याल्यानंतर विरोधकांनी न्यायालयातून मनाई आणली. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी तो हुकूम मोडू दिला नाही. खटला चालत राहिला आणि 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. तब्बल दहा वर्षे! याउलट नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, वर्षानुवर्षे चालला, पण दार उघडले नाही. तेव्हा 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली व त्या दाराकडे पाठ फिरवली.

पाणी हा हक्क होता, त्यासाठी त्याच दारावर दहा वर्षे थाप मारली. मंदिराचे दार उघडले असते तरी माणुसकी मिळाली असती याची खात्री नव्हती, म्हणून नवी वाट काढली. कोठे चिकाटी धरायची आणि कोठे वाट बदलायची हे ओळखणे, यालाच आम्ही विवेक म्हणतो.

आमचा अनुभव

आम्ही बँकेत कारकून आहोत. आज संगणक असला तरी दिवसअखेर रोकड मोजावीच लागते. शंभर रुपये कमी भरले तर रोखपाल रडत बसत नाही, की गिऱ्हाइकांना शिव्या देत नाही. तो एकेक स्लिप पुन्हा तपासतो. फरक सापडला तर दुरुस्त करतो, नाही सापडला तर पदरचे भरतो आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर काउंटरवर बसतो.

ही शिस्त अंगी असूनही, अधिकारीपदाच्या परीक्षेत आम्ही दोनदा नापास झालो तेव्हा "वशिल्याशिवाय काही होत नाही" असे सगळीकडे सांगत सुटलो. एके रात्री आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "पेपरात कुठे चुकलं, ते तरी पाहिलंत का?" पाहिले नव्हते. पाहिले तेव्हा कळले की कायद्याचा भाग आम्ही धड वाचलाच नव्हता. तिसऱ्या खेपेलाही थोडक्यात हुकलो. आजही कारकूनच आहोत. मात्र त्या अभ्यासाच्या वह्यांवर विहारात रविवारचा वर्ग सुरू झाला आणि त्यातली दोन मुले आज नोकरीला लागली आहेत. आमचा फरक आमच्या खात्यात नाही, त्यांच्या खात्यात जमा झाला.

म्हणून आमची कार्यकर्त्यांना विनंती आहे. यंदा निकालाच्या दिवशी पेढे घेऊन पास झालेल्यांकडे जा, पण त्याआधी नापास झालेल्याच्या घरी जा. उपदेश करू नका. त्याची गुणपत्रिका घेऊन त्याच्या शेजारी बसा.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

1) 1946 च्या पराभवाचे कारण शोधून बाबासाहेबांनी पुढे काय केले?
2) महाड व काळाराम या दोन लढ्यांत त्यांनी वेगवेगळे मार्ग का घेतले?
3) आपल्या शेवटच्या अपयशात दुसऱ्यांचा दोष किती व आपला किती? वहीत दोन रकाने करून लिहा. ही वही कोणालाही दाखवायची नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!