‘टेन्शन’ दोन आठवडे उतरलं नाही, तर?

आपल्या वस्तीत ‘मला नैराश्य आलंय’ असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘डोकं जड झालंय’, ‘छातीत धडधडतं’, ‘अंगात त्राण नाही’, ‘कशातच मन लागत नाही’ असं म्हणतात. नाहीतर एकच शब्द असतो, टेन्शन. मग गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावतात, ताकदीच्या गोळ्या घेतात आणि चार दिवसांनी पुन्हा तेच सुरू होतं.

टेन्शन कुणाला नसतं? भाडं थकतं, बचत गटाचा हप्ता येतो, मुलांची फी राहते. हप्ता भरला की जे उतरतं ते टेन्शन. हप्ता भरूनही जे उतरत नाही, तो आजार असू शकतो. आणि तो आजार बरा होतो.

ओळखायचं कसं?

सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ माणूस उदास असेल किंवा आधी आवडणाऱ्या गोष्टींतही त्याला रस वाटत नसेल, तर सावध व्हा. सोबत ही लक्षणं दिसतात का, ते पाहा:

- झोप न लागणं, पहाटे लवकर जाग येणं, किंवा दिवसभर पडून राहावंसं वाटणं
- भूक मरणं किंवा खूप वाढणं
- थोड्या कामानेही थकवा येणं, कामात लक्ष न लागणं
- ‘मी कुणाच्या कामाची नाही’ असं सारखं वाटणं
- मरणाचे विचार येणं

पुरुष पुष्कळदा रडत नाहीत. त्यांची चिडचिड आणि दारू वाढते. म्हातारी माणसं अंगदुखी सांगत राहतात. बाळंतिणीला बाळाकडे बघावंसंही वाटत नाही, आणि घरचे तिलाच बोलतात.

रक्त कमी असेल किंवा थायरॉईडचा त्रास असेल तरीही असाच थकवा आणि उदासी येते. म्हणून आधी रक्त तपासून घ्या.

समुपदेशक करतो तरी काय?

‘नुसतं बोलून काय होणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. समुपदेशक उपदेश करत नाही. तो पूर्ण ऐकून घेतो आणि मग अडलेलं एक छोटं काम निवडायला मदत करतो. उदास माणूस म्हणतो, ‘मन लागलं की काम करीन.’ या आजारात गाडी उलटी चालते. आधी थोडं काम करावं लागतं, मन मागून येतं.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने हेच करून पाहिलं. तिथे समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. सरकारी आरोग्य केंद्रांत आलेल्या, बऱ्याच नैराश्यात असलेल्या रुग्णांशी ते सहा ते आठ वेळा बोलले. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी शंभरातले ६४ जण आजारातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ३९ होतं. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

घरी हे असं करता येतं. रोज एक किंवा दोनच कामं ठरवा. सकाळी नऊच्या आत अंघोळ, संध्याकाळी दहा मिनिटं चालणं, मैत्रिणीकडे एक फेरी. केलेलं काम वहीत लिहा आणि त्यापुढे मनाला दहापैकी किती गुण, तेही लिहा. आठवड्याने वही उघडली की कशाने बरं वाटतं ते आपलं आपल्यालाच दिसतं.

घरच्यांनी काय करावं?

दहा बाय दहाच्या खोलीत मनातलं बोलायला जागा नसते. सासू आहे, मुलं आहेत, टीव्ही चालू आहे. म्हणून बाजाराला जाताना तिला सोबत घ्या. चालता चालता विचारा, ‘हल्ली गप्प असतेस, काय होतंय?’ मग गप्प राहून ऐका.

‘तुला काय कमी आहे?’, ‘मन घट्ट कर’, ‘लोकांचं बघ, किती सोसतात’ ही वाक्यं टाळा. ताप आलेल्याला आपण असं म्हणतो का?

कामावर किंवा कॉलेजात जातीवरून झालेला अपमान ही ‘मनाची कल्पना’ नसते. तो खरा घाव आहे. समुपदेशकच ‘तू जास्त मनावर घेतेस’ म्हणाला, तर समुपदेशक बदला. उपचार सोडू नका.

आणि बाबा-मांत्रिकाकडे नेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मरणाची गोष्ट निघाली तर

घाबरू नका, आणि विषयही बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका. उंदराचं औषध, कीटकनाशक, गोळ्यांचा साठा घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

कुणी काही खाल्लं-प्यायलं असेल, तर ‘पोलीस केस होईल’ म्हणून लपवू नका. हॉस्पिटल नोंद करतं, पोलीस विचारपूस करतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे, असं हा कायदा सांगतो. लपवण्यात गेलेला एक तास जिवावर बेततो.

गोळ्यांविषयी

नैराश्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, आणि त्यांची नशा लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थपणा जाणवू शकतो, आणि नेमक्या तेव्हाच पुष्कळ जण गोळ्या टाकून देतात. तसं करू नका, डॉक्टरांना सांगा. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यानेच, हळूहळू.

जायचं कुठे?

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केसपेपर काढताना तेच नाव सांगा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. रेशनकार्ड सोबत ठेवा. घराबाहेर पडणं शक्य नसेल तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेला १४४१६ वर फोन करा. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

हा नंबर आजच दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा. आपल्या घरात लागला नाही, तरी शेजारच्या घरात लागेल.