आगोटीची लाकडं, बाबांच्या मापाने

कुडाळ-सावंतवाडीकडे घरोघरी गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी चुल्यावरच तापतं, भात चुलीवरच उकडला जातो आणि गणपतीतली मोठी टोपं अजून तिथेच चढतात. त्यासाठीचं सरपण मृगाआधी पडवीत आलं पाहिजे. मृग नक्षत्र 7-8 जूनच्या सुमारास लागतं. वळीव मात्र त्याआधी कधीही येतो आणि खळ्यात वाळत घातलेलं सगळं भिजवून जातो.

मे महिन्यात मुंबईहून घरी आलेली मुलं हे काम झपाट्याने उरकतात. बाबांना खुर्चीत बसवतात, लाकडं फोडतात, छतापर्यंत रचतात आणि परत जातात. मी हे काम बाबांच्या बरोबरीने करते आणि रास त्यांच्या हाताच्या मापाने रचते. पुढचे चार महिने त्या राशीतून लाकूड ओढायला मी तिथे नसते, ते असतात.

लाकूड

शक्य असेल तर ओंडके दिवाळीनंतर, थंडीतच पाडून ठेवावेत. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं, आणि ते पाणी उडवण्यातच चुलीची बरीचशी आच खर्ची पडते. उरतो तो धूर, आणि तो आईबाबांच्याच छातीत जातो. मोडलेली फांदी, वठलेलं झाड घ्यायला हरकत नाही. पण उभं झाड तोडायचं तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लक्षात ठेवावा. आंबा, फणस, ऐन यांसारखी झाडं स्वतःच्या जागेतली असली तरी परवानगी लागते.

कुठलं झाड कशासाठी, हे बाबांनाच विचारावं. आंब्याचं लाकूड हलकं, भरभर जळतं, पण त्याला कीड आणि बुरशी लवकर लागते. ते जून-जुलैत संपवायचं. ऐन आणि किंजळ जड. त्यांचा निखारा टिकतो, म्हणून ती श्रावणासाठी राखायची. सुरू अर्धवट ओला असला तरी पेटतो. बिब्ब्याचं लाकूड घ्यायचंच नाही, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात.

हत्यारं आणि वेळ

एक जड कुऱ्हाड, एक हलकी कुऱ्हाड, कोयती, लोखंडाच्या दोन पाचरी आणि घण. डोळ्यांना चष्मा, पायात बूट. चपला घालून लाकडं फोडू नयेत. उन्हाळ्यात दांडा सुकतो आणि कुऱ्हाडीचं पातं ढिलं होतं. रात्रभर पाण्यात ठेवलं की दांडा फुगून घट्ट बसतो, पण वाळला की पुन्हा ढिला. त्यापेक्षा दांड्याच्या तोंडात लाकडाची पातळ पाचर ठोकावी. हे काम बाबांचं. पातं किती बसलं हे त्यांना हातात घेताच कळतं.

काम सकाळी उजाडताच सुरू करून नऊच्या आत थांबवावं. मे महिन्यात कोकणातल्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात घाम. मग वाकलेला माणूस एकदम उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबाचं सरबत जवळच ठेवावं, पण मीठ कमी करायला सांगितलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हातमोजे हवेतच. साधं कुसळ लागलं तरी रक्त थांबायला वेळ लागतो.

फोडणं

आधी ओंडक्याचे दीड-दीड फुटांचे तुकडे करून घ्यावेत. गावात कटरवाला मिळतो, तो हे काम एका सकाळीत करतो आणि त्यात कमीपणा काही नाही. फोडायला खाली ठोकळा घ्यावा तो रुंद आणि गुडघ्याहून कमी उंचीचा. तुकडा ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला उभा करायचा, म्हणजे वार चुकला तर पातं ठोकळ्यात रुततं, नडगीवर येत नाही. पाय फाकलेले, दोन्ही एका रेषेत. आजूबाजूला दोन माणसांच्या अंतरात कोणी नको. बाबांची जागा समोर नाही, मागेही नाही; बाजूला, दिसेल अशी, आणि सावलीत.

आता वार कुठे करायचा ते बघायचं. तुकड्याच्या तोंडावर मधून कडेकडे गेलेल्या चिरा दिसतात. वाळताना लाकूड गोलाईच्या दिशेने जास्त आकसतं, म्हणून ते असं चाकाच्या आऱ्यांसारखं तडकतं. वार त्या चिरेवरच करायचा. गाठ असेल तर ती चुकवायची, तिच्या बाजूने जायचं. मोठा ओंडका मधोमध दुभंगायच्या मागे लागू नये. कडेकडेने ढलप्या काढत आत जावं. इथे बाबांचा डोळा कामाला येतो. ते ओंडका पायाने थोडा फिरवतात, साल कुठे पिळलीय ते बघतात आणि म्हणतात, "थयसून नको, हयसून मार." मी हयसून मारते आणि लाकूड उघडतं.

वार कुठे करायचा, हे त्यांना मनापासून विचारावं. "बाबा, तुम्ही बसा, मी करते" असं म्हटलं की ज्यांनी आयुष्यभर घराची लाकडं फोडली ते पाहुणे होतात. "बाबा, ह्याची रेषा कुठून जाते?" असं विचारलं की ते काम त्यांचंच राहतं. मोतीबिंदूनंतर अंतराचा अंदाज पूर्वीसारखा नसला तरी लाकूड वाचायला तेवढी नजर पुष्कळ होते. त्यांना कुऱ्हाड हवी असते, ती काढून घेऊ नये. गाठाळ, पिळलेले तुकडे आपण आधी उचलावेत. सरळ रेषेचे, एका घावात फुटणारे त्यांच्यासाठी ठेवावेत आणि हलकी कुऱ्हाड द्यावी. बारीक फांद्या कोयतीने तोडायला त्यांना स्टुलावर बसवावं. पाटावर नको, पाटावरून उठताना गुडघ्यांची परीक्षा होते.

कुऱ्हाड लाकडात अडकली तर तिच्या पाठीवर घण मारायचा नाही, पोलादाची कपची उडून डोळ्यात जाते. शेजारच्या चिरेत पाचर ठोकायची, फट रुंदावली की कुऱ्हाड सुटते. पाचरही अडकली तर पुढे दुसरी.

तुकडा किती जाड ठेवायचा? बाबांच्या एका मुठीत धरून उचलता येईल इतका. एक फोडून त्यांच्या हातात द्यावा, बरोबर वाटला की तो नमुना म्हणून ठोकळ्यावर ठेवून बाकीचे तसेच काढावेत.

वाळवणं

फोडलेली लाकडं खळ्यात पसरावीत, रोज एकदा पलटावीत. साल पाणी अडवून धरते, म्हणून फोडलेला भाग उन्हाकडे. एका तुकड्यावर खडूने खूण करून दर दोन दिवसांनी ताणकाट्यावर वजन करावं. वजन उतरायचं थांबलं की तो वाळला. बाबा दोन तुकडे एकमेकांवर आपटून सांगतात. वाळलेल्याचा आवाज कणखर येतो, ओल्याचा दबका.

रचणं

पडवीत जांभ्या चिऱ्यांच्या दोन रांगा, त्यावर पोफळीचे वासे. जमिनीला लाकूड टेकलं की वाळवी लागलीच. भिंतीपासून वीतभर अंतर, वारा मागून फिरायला. रांगेच्या दोन्ही टोकांना तुकडे एक थर आडवे, एक थर उभे असे चौकोनी रचावेत. तेच रांगेला धरून ठेवतात. मधले सगळे एकाच दिशेने.

उंची बाबांच्या छातीइतकी, त्याच्या वर एकही थर नाही. जागा कमी पडली तर रांग लांबवावी, दुसरी रांग तिच्या मागे लावू नये. मागचं काढताना पुढचं अंगावर येतं. रचणं बाबांच्या हाताने व्हावं. आपण तुकडे आणून त्यांच्या कंबरेच्या उंचीला टेबलावर ठेवावेत, म्हणजे त्यांना वाकावं लागत नाही. कुठला तुकडा कुठे बसतो हे त्यांना सांगावं लागत नाही, आणि त्यांनी बसवलेली रांग डगमगत नाही.

आंबा न्हाणीच्या दाराकडे, ऐन आतल्या बाजूला. सोडणं, करवंट्या, चुडतं वेगळ्या पोत्यांत, दाराशी.

पावसात

सुक्या राशीत विंचू आणि फुरसं आश्रयाला येतात. आईबाबांना बजावून ठेवावं: अंधारात हात घालायचा नाही, आधी बॅटरी, मग काठीने हलवणं, मग लाकूड. पडवीत राशीवर पडेल असा दिवा लावून द्यावा. लाल विंचू चावला तर मंत्र-झाडपाल्यात वेळ घालवू नये, थेट आरोग्य केंद्रात न्यावं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून या दंशाने मरणारी कितीतरी माणसं वाचवली. ते औषध वेळेत मिळण्याला महत्त्व आहे. जवळच्या केंद्राचा नंबर पडवीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा.

गणपतीला घरी गेलं की रास बघावी. वरचे थर संपलेले आणि खालच्या दोन थरांना हातच लागलेला नाही असं दिसलं, तर ते थर बाबांना वाकून काढता येत नाहीत. ती लाकडं उचलून टेबलावर आणून ठेवावीत आणि पुढच्या मे महिन्यात वाशांखाली चिऱ्यांचा आणखी एक थर घालावा.